केसपेपरवरचा एक शब्द

जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत सोमवारी सकाळी साडेअकराला जी रांग असते, तिच्यात चाळिशीतली एक बाई उभी आहे असं धरू. तिची हकिकत कुणा एकीची नाही. अशा अनेकींच्या हकिकती एकत्र करून ती उभी केली आहे. तक्रार साधी: छातीत धडधडतं, डोकं जड राहतं, रात्री दोनला जाग येते ती मग झोपच नाही. ईसीजी झाला, हिमोग्लोबिन झालं, थायरॉइड झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी केसपेपरवर दोन गोळ्या लिहिल्या आणि त्यांच्या खाली एक शब्द: समुपदेशन. तोंडाने म्हणाले, “पलीकडच्या इमारतीत, पहिला मजला. जाऊन या.”

ती गोळ्या घेते आणि एसटी स्टँडची वाट धरते.

अशी वाट धरणाऱ्यांची संख्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात थोडीथोडकी नाही. काहींना तो शब्द म्हणजे आपल्याला वेड्यात काढल्याची चिठ्ठी वाटते. काहींची एकची गाडी चुकणार असते. पण बहुतेकांची अडचण याहून साधी असते: तिथे नेमकं काय होणार हे कुणी सांगितलेलंच नसतं. रक्त तपासायला उपाशीपोटी जायचं, सोनोग्राफीला पाणी पिऊन जायचं, हे आता खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. समुपदेशनाला काय करून जायचं? आत कोण असतं? काय विचारतात? किती वेळ लागतो, किती पैसे, किती खेपा? चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे हे सांगायला वेळ नसतो, कारण टेबलावर अजून केसपेपरची चळत असते.

तेव्हा आधी त्या चिठ्ठीबद्दल. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असा तिचा अर्थ होत नाही. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून धडधड खोटी ठरत नाही. सतत धास्तीत असलेल्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, मानेचे स्नायू आखडतात, पोट बिघडतं. डिप्रेशनमध्ये अवेळी जाग येणं, भूक जाणं, अंग मोडून येणं ही नेहमीची लक्षणं आहेत. आपल्याकडे माणसं ‘मी उदास आहे’ असं सांगत दवाखान्यात येत नाहीत. ती डोकं, पाठ, छाती आणि ‘अशक्तपणा’ घेऊन येतात. ‘विचार फार येतात हो’ हे वाक्य निघतं ते बहुधा शेवटी, उठता उठता, दाराशी पोचल्यावर. ते ज्याच्या कानावर पडतं तो डॉक्टर ही चिठ्ठी लिहितो.

आणि ती लिहिली जाणं हेच मुळात नशीब. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांपर्यंत पोचलेली नव्हती. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ पासून. कागदावर बऱ्याच काळापासून बरंच काही आहे. प्रत्यक्षात जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असं पथक असावं लागतं. ते ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही जातं. सगळ्या जागा भरलेल्या असतीलच असं नाही. म्हणून निघण्याआधी आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात विचारून ‘त्या मॅडम कोणत्या वारी असतात’ एवढं कळून घेतलं तर एक खेप वाचते.

पैशांचा प्रश्न लवकर संपतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची. तिथे थोडी फी पडते. सेवाभावी संस्थांमध्ये ‘जमेल तेवढं द्या’ अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, आणि ते विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. खरा खर्च वेगळाच असतो. एक दिवसाची मजुरी बुडते, घरच्या आजाऱ्यापाशी कुणाला तरी बसवावं लागतं, गाडीभाडं पडतं. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हे एखाद्या गोळीइतकंच कामाचं ठरलं आहे.

आता ती खोली. इंग्रजी सिनेमातला कोच, मंद दिवा आणि भिंतीवरचं चित्र यांची अपेक्षा ठेवू नये. एक टेबल, दोन-तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, फायलींचं कपाट, भिंतीवर तंबाखूविरोधी पोस्टर. अनेकांना ‘समुपदेशक’ हा शब्द पहिल्यांदा एचआयव्ही तपासणीच्या खोलीवरच्या पाटीवर दिसला होता, त्यामुळे तसल्या पाटीखाली उभं राहायला आजही नको वाटतं. बोलणं चालू असताना शिपाई रजिस्टर मागायला आत येतो, कधी पंखा आवाज करतो. हे सगळं चालवून घ्यावं. एक गोष्ट मात्र चालवून घेऊ नये. तिसरा माणूस आत बसलेला असेल तर ‘मला एकट्याने बोलायचं आहे, दार लोटून घ्याल का?’ असं म्हणावं. तो हक्क आहे, उपकार नाही.

टेबलामागे बसलेली व्यक्ती पाहूनही पुष्कळांचा विरस होतो. तिथे एखादी सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी असते. ‘एवढीशी पोर मला संसारातलं काय सांगणार?’ हा विचार त्या खुर्चीत बसलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या मनात येऊन जातो. गावपातळीवर तर ती मानसशास्त्र शिकलेलीही नसते. ती प्रशिक्षण घेतलेली आशा कार्यकर्ती किंवा शेजारच्या आळीतली बाई असते.

या शंकेला सर्वांत चांगलं उत्तर गोव्यातून मिळालं आहे. तिथे ‘संगाथ’ संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने एक प्रयोग केला. मानसशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना तीन आठवडे वर्गात शिकवलं, मग काही महिने देखरेखीखाली उमेदवारी करायला लावली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या रुग्णांशी बोलायला बसवलं. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्यापाऊण तासाची, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. एकूण ४९५ रुग्ण. निम्म्यांना हे समुपदेशन मिळालं, निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची लक्षणं आजाराच्या पातळीखाली गेली होती. दुसऱ्या गटात ३९ टक्के लोकांची. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. दारूच्या समस्येसाठी पुरुषांवर असाच प्रयोग झाला. तिथे फरक कमी पडला, ३६ आणि २६ टक्के, पण पडला.

या आकड्यांची दुसरी बाजूही बघायला हवी. १०० पैकी ६४ म्हणजे ३६ जणांना एवढ्याने पुरलं नाही. आणि केवळ थोड्या सुधारलेल्या नेहमीच्या उपचारांवरही ३९ जण सावरले. समुपदेशन म्हणजे जादू असं सांगणाऱ्यापासून म्हणूनच दूर राहावं. पण शंभरातले पंचवीस जादा लोक बरे होणं, तेही सूट-बूट घातलेल्या तज्ज्ञाशिवाय, ही सामान्य गोष्ट नाही. अशी किमया करणाऱ्या कित्येक महागड्या गोळ्या दाखवता येणार नाहीत.

झिंबाब्वेत तर हे काम आज्या करतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या एका वस्तीत १४ आज्यांना घेऊन सुरुवात केली. दवाखान्याबाहेर लाकडी बाकड्यावर बसून त्या बोलतात. शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. अर्थ: फार विचार करणं. आपल्या ओपीडीतलं दाराशी निघणारं वाक्य तिकडेही तसंच निघतं.

महाराष्ट्रातही असं काम झालं आहे. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातल्याच माणसांना हे शिकवलं गेलं. विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प चालला. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण तिथे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याचा ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यात आला, तोही आशांच्याच पायांवर उभा आहे. तेव्हा टेबलामागच्या मुलीचं वय मोजण्यापेक्षा तिला दोन प्रश्न विचारावेत: तुम्ही कशाचं प्रशिक्षण घेतलं आहे, आणि अडलं तर कुणाला विचारता? चांगली समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही.

आपली चाळिशीतली बाई महिन्याभराने, गोळ्या संपल्यावर आणि झोप तशीच राहिल्यावर, अखेर पहिला मजला चढते. पहिल्या भेटीत काय होतं?

निराशा. स्पष्टच सांगायचं तर बहुतेकांची पहिल्या भेटीत निराशा होते. तिला वाटलेलं असतं की मॅडम काहीतरी सांगतील. मॅडम नुसत्या विचारत बसतात. घरी कोण कोण, झोप कधीपासून नाही, जेवण कसं, कामावर जाता का, पूर्वी कधी असं झालं होतं का, घरात कुणाला झालं होतं का, दारू-तंबाखू, मार. मग एक छापील कागद येतो. नऊ प्रश्न, सगळे ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असे सुरू होणारे: कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं? थकवा? भूक? आपण नालायक आहोत असं वाटणं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज शून्य ते सत्तावीस. ही परीक्षा नाही. ताप मोजावा तसं मोजमाप आहे, आणि पुढच्या भेटींत तोच कागद पुन्हा भरून ताप उतरतो आहे का ते पाहतात. लिहिता-वाचता येत नसेल तर समुपदेशक वाचून दाखवते. कमी गुण पडावेत म्हणून ‘बरं आहे, बरं आहे’ असं म्हणणारे असतात, जास्त पडावेत म्हणून सगळीकडे तीन सांगणारेही असतात. दोघांचंही नुकसान होतं.

नववा प्रश्न जिवाचा असतो: मरून जावं, स्वतःला इजा करावी, असं मनात आलं का? इथे माणसं गप्प होतात. खोटं बोलतात. भीती असते की ‘हो’ म्हटलं तर पोलीस येतील, नाहीतर येरवड्याला पाठवतील. यातलं काहीही होत नाही. विचार मनात येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रत्यक्ष प्रयत्न केलेल्या माणसाबद्दलही मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ११५ असं म्हणतं की तो तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरावं आणि त्याच्यावर खटला भरू नये, त्याला शिक्षा करू नये. उलटीही एक समजूत आहे, ती घरच्यांची: असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. जात नाही. उलट विचारल्याने बहुतेकांच्या छातीवरचं ओझं थोडं हलतं. उत्तर ‘हो’ आलं, तर समुपदेशक आणखी विचारते: कधी, कसं, काही ठरवलंय का, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवता. मग ते औषध शेजाऱ्याकडे कुलपात जातं, घरातल्या एका भरवशाच्या माणसाला विश्वासात घेतलं जातं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं जातं.

बोललेलं बाहेर जातं का, हा पुढचा प्रश्न, आणि लहान गावात तो रास्तच आहे. समुपदेशकाची मावशी आपल्याच आळीत राहत असू शकते. त्याच कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. नवरा, सासू, मुलगा, कुणीही विचारलं तरी समुपदेशकाने सांगायचं नसतं. अपवाद थोडे आहेत: जिवाला धोका असेल तेव्हा, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर, कारण तिथे ‘पॉक्सो’ कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. चांगली समुपदेशक हे अपवाद पहिल्या भेटीतच सांगते. तिने सांगितले नाहीत तर विचारावं. ओळख फारच जवळची निघाली तर दुसरी व्यक्ती मागायलाही हरकत नाही.

तर पहिली भेट अशी संपते. बाई बाहेर येते ती रडून डोळे सुजवून, हातात पुढची तारीख घेऊन. सल्ला एकही नाही. बरेच लोक इथेच थांबतात. ‘गेले होते एकदा, काही उपयोग नाही झाला’ हे वाक्य समुपदेशनाबद्दल सर्वाधिक ऐकू येतं, आणि त्यातला महत्त्वाचा शब्द ‘एकदा’ हा असतो. पहिल्या भेटीनंतर दोन-तीन दिवस जास्तच वाईट वाटू शकतं. जखम धुताना झोंबते, तसंच हे. किमान चार भेटी झाल्याशिवाय ‘उपयोग नाही’ असं ठरवू नये. अँटिबायोटिकचा एक डोस घेऊन ताप उतरला नाही म्हणून कुणी डॉक्टरला नावं ठेवत नाही.

दुसऱ्या भेटीत समुपदेशक म्हणते, “कालचा दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून.” बाई सांगते. पाचला उठते, पाणी, चहा, दोन वर्षांपूर्वी लकवा झालेल्या नवऱ्याचं सगळं करायचं, स्वयंपाक, मग भिंतीला टेकून बसून राहते. मुलगा पुण्याला कंपनीत. बचत गटाच्या मीटिंगला जात होती, आता नाही. भजनी मंडळ सोडलं. का? “आता कशाला.” मग परवाचा दिवस, त्याच्या आधीचा. गुरुवारी मात्र शेजारीण कुरडया घालत होती, तिने हाक मारली म्हणून ही तासभर तिच्या गच्चीवर गेली होती. त्या रात्री झोप कशी होती? बाई आठवते. चारपर्यंत लागली होती.

समुपदेशक एवढंच म्हणते, “गुरुवारी चारपर्यंत.”

या उपचाराचं मर्म इथे आहे, आणि ते ऐकायला इतकं साधं आहे की शिकलेल्या माणसांना तो उपचारच वाटत नाही. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडतो. सोडलं की दिवसात बरं वाटण्याच्या जागा कमी होतात. त्यामुळे मन आणखी खचतं आणि माणूस आणखी सोडतो. ‘आधी बरं वाटू दे, मग जाईन’ असं प्रत्येक जण म्हणतो. गोव्यातल्या त्या समुपदेशनाने क्रम उलटा केला होता: आधी जायचं, बरं वाटणं मागून येतं. सगळीकडे जायचं नाही. एका ठिकाणी, एका वारी, अर्धा तास.

म्हणून प्रत्येक भेटीनंतर गृहपाठ मिळतो. आपल्या बाईला तो असा मिळतो: येत्या गुरुवारी शेजारणीकडे अर्धा तास, आणि रोज रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत पेनाने टिंब. बरा दिवस असेल तर दोन टिंबं, वाईट असेल तर एक. वही नको, अक्षर नको.

पुढच्या खेपेला टिंबं असतात, पण ती गुरुवारी गेलेली नसते. बोलणी बसतील या भीतीने ती खुर्चीच्या कडेवर बसते. बोलणी बसत नाहीत. “काय आडवं आलं?” यांच्यापाशी कोण बसणार, हे आडवं आलं. मग दोघी त्या एकाच प्रश्नावर वीस मिनिटं बसतात. दिराचा मुलगा चारला शाळेतून येतो. तो अर्धा तास बसेल का? कोण विचारणार? कोणत्या शब्दांत? बाई तिथेच ते वाक्य एकदा म्हणून बघते. समुपदेशन म्हणतात ते हे. मनाच्या तळाशी दडलेलं काही उकरून काढणं वगैरे क्वचित होतं. बहुतेक वेळ पुतण्याला कसं विचारायचं यात जातो.

गृहपाठ न केलेले लोक लाजेने पुढची तारीख चुकवतात, हे इतकं नेहमीचं आहे की ते मुद्दाम सांगायला हवं. गृहपाठ झाला नसेल तर त्या वेळी तर जायलाच हवं. का झाला नाही, यातच पुढचं काम असतं.

कर्ज समुपदेशनाने फिटत नाही. पाऊस पडत नाही, नवऱ्याचा लुळा हात उठत नाही. हे समुपदेशकाने कबूल करायला हवं, आणि चांगली समुपदेशक करते. मग जे बदलू शकतं आणि जे बदलू शकत नाही ते वेगळं काढायला ती मदत करते. घरात मारहाण असेल तर सहन कसं करायचं हे शिकवणं म्हणजे समुपदेशन नाही. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन, ‘सखी’ केंद्र, संरक्षण अधिकारी यांच्यापर्यंत नेऊन पोचवणं हे तिचं काम. ‘जुळवून घ्या, बाईच्या जातीला सोसावंच लागतं’ असं खुर्चीवरून ऐकू आलं तर ती खुर्ची चुकीची आहे असं खुशाल समजावं. तसंच व्रतं सांगणारी, ‘पॉझिटिव्ह विचार करा’ एवढ्यावर भागवणारी, ‘तुमच्याहून वाईट अवस्थेतले लोक बघा’ म्हणणारी, किंवा स्वतःच्याच संसाराच्या गोष्टी सांगत बसणारी. आणि जी म्हणेल ‘डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, मी आहे ना’, तिच्याकडे तर दुसऱ्यांदा पाऊल टाकू नये.

गोळ्यांबद्दल एवढंच: बोलणं की गोळ्या, असा झगडा रुग्णाने आपल्या डोक्यावर घेऊ नये. सौम्य आणि मध्यम त्रासात नुसतं समुपदेशन अनेकांना पुरतं. त्रास तीव्र असेल तर दोन्ही लागतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्त. त्यांची सवय लागत नाही, पण त्या आपल्या मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. हा फरक औषधाच्या दुकानात कळत नाही, डॉक्टरांना विचारावा लागतो. काही वेळा थेट मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवं: कानात आवाज येत असतील, माणूस खाणंपिणं सोडून पडून असेल, झोपेची गरजच उरली नाही आणि बोलणं-खर्च करणं आवरेना, बाळंतिणीचं वागणं अचानक बदललं असेल, किंवा मरणाचा विचार ठरत चालला असेल. रात्री-अपरात्री १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं. ज्यांना दर आठवड्याला शहरात येणं जमत नाही त्यांना मधली एखादी भेट फोनवर करता येते का, हे आपल्या समुपदेशकालाही विचारता येतं.

सरकारी व्यवस्थेतली एक खोड लक्षात ठेवलेली बरी. समुपदेशकांच्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात. तिसऱ्या भेटीपर्यंत जीव रुळतो आणि चौथ्या भेटीला खुर्चीवर दुसरंच कुणी असतं. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं या कल्पनेनेच लोक परततात. राग रास्त आहे. तरी फाइल जागेवर असते. ‘आधीच्या मॅडमनी लिहिलेलं वाचून घ्या, मग बोलू’ असं म्हणता येतं. आणि केसपेपर घरी जपून ठेवावा, तो चुलीत घालू नये.

सहावी भेट पहिलीच्या निम्म्या वेळात उरकते. नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला जातो. पहिल्यांदा सतरा गुण होते, आता आठ. धडधड अधूनमधून होतेच. नवरा तसाच आहे. बचत गटाच्या दोन मीटिंगा झाल्या, एकीत भांडण झालं, तेही ती रंगवून सांगते. पुन्हा दोन दिवस सलग पहाटे दोनला जाग आली तर काय करायचं, ते दोघी मिळून एका कागदावर लिहितात: शेजारणीचं नाव, पुतण्याची चारची वेळ, भजनाचा वार, खाली १४४१६. कागद कालनिर्णयच्या मागे खिळ्याला लावायचा. पुढची तारीख महिन्याने.

बाहेर बाकड्यावर एक तरणी पोर केसपेपर उलटासुलटा करत बसलेली असते. ती हिला हळूच विचारते, “मावशी, आत काय करतात?”

“बोलतात,” बाई म्हणते. आणि पदर खोचून निघता निघता थांबते. “जेवून आलीस का? वेळ लागतो.”